बंधाऱ्यावरचा आकडा आणि घरचा उंबरठा

१/
नाशिकच्या गोदाघाटावर, रामकुंडाजवळ, दोन तोंडांचा एक मारुती उभा आहे. पावसाळ्यात या दुतोंड्या मारुतीकडे देवत्वाखेरीज आणखी एक काम येते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेला पूर आला की शहरात पहिला प्रश्न असतो, ‘मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, ही चौकशी त्यानंतरची. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. वर्तमानपत्रेही आजतागायत याच भाषेत बातमी देतात.

२/
गोदाकाठावरच नारोशंकराचे मंदिर आहे. त्याची प्रसिद्ध घंटा पोर्तुगिजांकडून आलेली. १७३९ च्या वसईच्या विजयाची ती आठवण. इतिहासप्रेमींना घंटेची ही ओळख परिचयाची असते. नदीकाठच्या दुकानदाराला मात्र तिची दुसरी ओळख अधिक उपयोगाची: घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर.

३/
या खुणांकडे ‘लोकश्रद्धा’ म्हणून कौतुकाने पाहण्याची आणि पुढे जाण्याची सवय जडली आहे. ती सोडायला हवी. दुतोंड्या मारुती ही एक मोजपट्टी आहे, आणि सरकारी मोजपट्टीला जे साधत नाही ते तिला साधते. मारुतीच्या कमरेला पाणी लागले म्हणजे भांडी बाजारात काय होणार, सराफ बाजारातल्या माणसाने माल केव्हा उचलायचा, हे तिथल्या जुन्या माणसाला पाठ असते. नदीवरची खूण आणि स्वतःच्या दुकानाची पायरी यांमधले अंतर त्याने एकदाच, पूर्वीच्या पुरात, मोजून ठेवलेले असते.

४/
घरात पाणी शिरण्याच्या संकटात माणूस तरतो तो याच एका गोष्टीवर: दूरच्या आकड्याचे आपल्या उंबरठ्याच्या भाषेत भाषांतर. हे भाषांतर महाराष्ट्रातल्या जुन्या नदीकाठांनी कसे केले, ते कुठे फसले आणि आज ते जवळजवळ बंद का पडले आहे, याविषयी हा धागा.

५/
कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे नृसिंहवाडी हे या भाषांतराचे सर्वांत देखणे उदाहरण. दत्तमंदिर अगदी नदीच्या अंगणात आहे आणि पुराचे पाणी आत येणार हे तिथे गृहीतच धरलेले आहे. पाणी उत्तरेकडून आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तो ‘दक्षिणद्वार सोहळा’. त्या प्रवाहात स्नान करायला दूरदूरहून लोक येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला, नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात.

६/
यातला भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून केवळ कृती पाहावी. पाण्याला येण्याची वाट आहे आणि जाण्याचीही. कोणत्या पातळीला काय हलवायचे ते ठरलेले आहे. कुठे हलवायचे तेही ठरलेले आहे. आणि मूर्ती हलवण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. घर सोडून निघणे म्हणजे हार, ही भावना पुरात अनेकांना घरातच अडकवून ठेवते. जिथे देवच दरवर्षी घर सोडतो, तिथे ती भावना टिकत नाही.

७/
नदीकाठच्या जुन्या घरांतही हीच रीत होती. उंच दगडी जोते, धान्यासाठी माळा, कागदपत्रांची पेटी कोनाड्यात वरच्या अंगाला, गोठ्याला मागून वाट. पाणी वाढू लागले की पहिले काम गुरांची दावी सोडण्याचे, कारण मोकळे जनावर पोहून निघते आणि बांधलेले जागेवर मरते. पाणी उतरताना दुसरे काम. गाळ सुकून घट्ट होण्याच्या आत, उतरत्या पाण्यातच खराट्याने तो बाहेर लोटायचा. दोन दिवस थांबले की तोच गाळ फावड्याने खणावा लागतो.

८/
त्या घरांची एक दुबळी बाजूही होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जोते दगडाचे, पण वरच्या भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या. पुरात अशी भिंत पाणी पीत राहते. बाहेरच्या पाण्याचा दाब असतो तोवर ती उभी दिसते आणि पाणी ओसरले की जड होऊन बसते. म्हणून पूर उतरल्यावर लगेच घरात शिरू नये, असे जुनी माणसे बजावत. ‘पाणी गेलं, आता भीती नाही’ असे वाटण्याचा दिवस हाच मातीच्या घरात सर्वांत घातक.

९/
आता कोल्हापूर. इथली मोजपट्टी म्हणजे कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून हवामानाआधी बंधाऱ्याचा आकडा विचारतो, फूट आणि इंचांसह. शहरात पाणी येते ते बहुधा नदीच्या बाजूने चाल करून नव्हे, तर जयंती नाल्यातून मागे फिरून. सुतारवाड्यातल्या लोकांना हे पक्के ठाऊक. तिथली कुटुंबे चित्रदुर्ग मठात हलतात, आणि ही बातमी इतक्या वर्षांतून आली आहे की ती आता एक पंचांगच झाली आहे.

१०/
सांगलीत हेच काम आयर्विन पूल करतो. १९२९ साली खुला झालेला हा दगडी पूल वाहतुकीसाठी बांधला, पण शहराने त्याच्यावरून नदी वाचायला घेतली. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या वस्त्यांत तर इशाऱ्याच्या कितीतरी आधीच आवराआवर सुरू होते. ‘पूरपट्टा’ हा शब्द सांगलीत शाळकरी मुलालाही कळतो.

११/
मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच दोन शहरांत, इतक्या सरावलेल्या लोकांची इतकी दैना का झाली?

१२/
उत्तर अस्वस्थ करणारे आहे. लोकांना पूर आठवत होता, म्हणूनच ते अडकले. घरोघरी २००५ ची रेघ होती, कुठे भिंतीवर, कुठे नुसती स्मरणात. त्या वर्षी कोल्हापुरात पाणी ५० फुटांच्या आसपास गेले होते, सांगलीत ५३ च्या वर. ‘२००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्यापुढे येत नाही’ या हिशेबाने हजारो कुटुंबांनी सामान तेवढ्याच उंचीवर रचले आणि वरच्या मजल्यावर मुक्काम केला. २०१९ मध्ये कोल्हापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले, सांगलीत ५७ च्या वर. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जण बुडाले. त्या नावेत बसण्याची वेळ आली ती, निघायचे दिवस आधीच हातचे गेले म्हणून.

१३/
अलमट्टीचे पाणी कधी सोडायला हवे होते, धरणे आधीच किती भरलेली होती, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि तो चाललाही पाहिजे. पण त्या वादाचा निकाल काहीही लागला, तरी रात्री दोन वाजता जिन्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तो कामाचा नसतो.

१४/
स्मरणाचा हा सापळा पुण्याने त्याच्या ५८ वर्षे आधी अनुभवला होता. १२ जुलै १९६१. मुठेची उपनदी असलेल्या आंबीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे झालेले नसताना त्यात पावसाळ्याचे पाणी साठले. ११ तारखेच्या रात्री जवान खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटले. खालचे खडकवासला धरण दगडी, १८७९ साली पुरे झालेले. त्याने काही तास तो लोंढा अडवून धरला आणि मग तेही फुटले.

१५/
त्या काही तासांचे मोल पुण्याच्या इतिहासात पुरेसे सांगितले जात नाही. ते तास मिळाले नसते, तर मृतांची संख्या किती झाली असती याची कल्पनाही करवत नाही. आणि तरीही ते तास पुष्कळसे वाया गेले. सूचना तुटक होत्या, उशिरा आल्या, काही पेठांत पोहोचल्या, काहींत नाही. शिवाय मुठेचा पूर पुणेकरांच्या ओळखीचा होता. पुलावर जाऊन पाणी पाहणे ही शहराची जुनी हौस, आणि त्या सकाळीही लोक पुलांवर जमलेच. नदीचे पाणी कुठवर येते याचे घराघरांतले ज्ञान त्या दिवशी निरुपयोगी ठरले, कारण येणारे पाणी पावसाचे नव्हते, फुटलेल्या धरणाचे होते.

१६/
नारायण, शनिवार, कसबा या नदीलगतच्या पेठांतले वाडे पडले. त्यानंतरची शोकांतिका अशी की बुडालेले शहर तहानले. पिण्याचे पाणी खडकवासल्याचे, आणि खडकवासला रिकामे. ज्या वाड्यांतल्या विहिरी नळ आल्यावर अडगळीच्या झाल्या होत्या, त्यांचा गाळ उपसण्याची वेळ आली. घरातली जुनी व्यवस्था मोडीत काढण्याआधी तिची एकदा तरी चौकशी करावी, यासाठी याहून कडक पुरावा क्वचित सापडेल. पूरग्रस्तांसाठी पुढे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आजच्या पुण्याच्या नकाशाचा बराच भाग त्या एका दिवसाने आखला.

१७/
म्हणजे स्मरण नसेल तर माणूस बुडतो, आणि एकाच पुराचे स्मरण असेल तरीही बुडतो. मागचा सर्वांत मोठा पूर ही कमाल मर्यादा मानणे, ही इथली मूळ चूक. २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापुरात बंधाऱ्यावरचे पाणी २०१९ च्याही पुढे, ५६ फुटांच्या वर गेले. दोनच वर्षांत रेघ पुन्हा बदलली.

१८/
शासनाकडे यावर उत्तर आहे, निदान कागदावर. निळी पूररेषा म्हणजे साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, आणि तिच्या आतले क्षेत्र निषिद्ध. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोहोंमधले क्षेत्र नियंत्रित. ही कल्पना चांगली आहे. पण तिचे शब्द घराला फसवतात.

१९/
‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकले की माणूस मनात म्हणतो, २०१९ ला आला, आता २०४४ पर्यंत निर्धास्त. वास्तविक अर्थ असा की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता १०० त ४, आणि काल आला म्हणून उद्याची शक्यता कमी होत नाही. २० वर्षांच्या गृहकर्जाचा काळ धरला, तर त्या काळात निदान एकदा निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के. ३० वर्षे धरली तर सुमारे ७१ टक्के. लाल रेषेसाठीही ३० वर्षांत हा आकडा २६ टक्के येतो, म्हणजे चारांत एक. सदनिका विकताना नदीचे दृश्य दाखवणारा माणूस हा हिशेब करून दाखवत नाही. खरेदीखतात ही रेषा ठळकपणे लिहिण्याची सक्ती व्हायला हवी, आणि ती प्रत्येक इमारतीच्या जिन्यात रंगवलेली दिसायला हवी. नकाशातली निळी रेघ कोणाच्याही उंबरठ्याला लागत नाही.

२०/
आकडा स्थानिक असणे किती निकडीचे आहे, हे मुंबईने दाखवून दिले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३. शहर एक, दिवस एक. ‘मुंबईत किती पाऊस झाला’ या प्रश्नाला त्या दिवशी उत्तरच नव्हते. मिठीकाठच्या घराला कुलाब्याचा आकडा काय सांगणार?

२१/
म्हणून जुनी रीत नव्या आकड्यांना जोडणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. प्रत्येक नदीकाठच्या घराचा स्वतःचा आकडा असू शकतो: बंधाऱ्यावर किंवा पुलावर अमुक फूट झाले की आपल्या बोळात पाणी, अमुक झाले की पायरीला, अमुक झाले की आत. त्या शेवटच्या आकड्याच्या निदान दोन-तीन फूट आधीचा आकडा निघण्याचा. औषधे, कागदपत्रे, बॅटरी पिशवीत, मुख्य स्विच बंद, म्हाताऱ्या माणसांना उजेड असताना हलवायचे. मागच्या रेघेपर्यंत वाट पाहायची नाही. परतल्यावर भिंती तपासून, वीज तज्ज्ञाकडून पाहून, विहीर वा टाकी उपसून, टीसीएल पावडर टाकून मगच पाणी वापरायचे. यात नवे काहीच नाही. नृसिंहवाडीचे पुजारी मूर्तीसाठी हेच करतात.

२२/
आणि इथे इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक काम आहे, जे ना जलसंपदा विभाग करतो, ना विद्यापीठे. किल्ल्यांचे बुरूज मोजणारे हात गावातल्या पुराच्या रेघा मोजत नाहीत. पुण्यातल्या जुन्या भिंतींवरच्या १९६१ च्या खुणा पुनर्विकासात वाड्यांबरोबर पाडल्या जात आहेत. नाशिकच्या १९६९ आणि २००८ च्या पुरांच्या, चिपळूण-महाडच्या २००५ आणि २०२१ च्या खुणा रंगकामाखाली जात आहेत.

२३/
साधने साधी आहेत. जमिनीपासूनची उंची मोजायची टेप, रेघेचे छायाचित्र, घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीशी एक तासाचे बोलणे. पाणी कोणत्या बाजूने आले, नदीच्या की नाल्याच्या. किती वाजता आत शिरले, किती वाजता उतरले. त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट होते, हे जुन्या वर्तमानपत्रांत सापडते. त्याआधीचा पूर कोणता आणि तो कुठपर्यंत आला होता, हेही विचारायचे, कारण एकाच रेघेवर विसंबणाऱ्यांचे काय झाले ते वर आलेच आहे. हे सगळे भिंतीवर त्याच रेघेखाली, तेलरंगात, तारखेसह लिहून ठेवायचे.