कष्टाला व्यायाम म्हणणाऱ्यांस

हरसूल परिसरातील आदिवासी माणसाच्या आरोग्याविषयी एक मत अलीकडे व्याख्यानांतून आणि लेखांतून वारंवार मांडले जात आहे, आणि ते कानाला गोड लागते म्हणूनच त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे. या मताचा पुरस्कर्ता म्हणतो की, त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या या डोंगरपट्ट्यातील कोकणा, वारली आणि महादेव कोळी माणूस नागलीची भाकर खातो, दिवसभर चढउतार करतो आणि स्वच्छ हवेत राहतो. त्यामुळे त्याचे शरीर काटक, मेंदू तल्लख आणि म्हातारपण निरोगी असते. तेव्हा त्याला आहार-व्यायामाचे धडे देण्याचा खटाटोप सोडून शहरी माणसानेच त्याच्याकडून जगणे शिकावे. मूळ म्हणणे एवढेच आहे. बाकीचा सारा शब्दांचा फुलोरा आहे.

नागलीचे गुण कोणी नाकारत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नागलीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर सडीक पांढऱ्या तांदळात ते 10 मिलिग्रॅमही भरत नाही. परंतु त्याच नागलीत प्रथिने जेमतेम 7 टक्के आहेत आणि शरीराला बाहेरूनच मिळवावे लागणारे लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक आवश्यक घटक, तीत अपुरे असते. ती उणीव उडीद, तूर, कुळीथ यांसारखी कडधान्ये भरून काढतात. म्हणून नुसत्या भाकरीला पूर्णान्न म्हणणे चूक आहे. शिवाय राब भाजून रोप तयार करणे, चिखलात आवणी, निंदणी, कापणी, झोडणी एवढे सोसून पिकवलेली नागली रोज ताटात येते, हे गृहीत तरी कशावरून धरले? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळू लागले आणि त्यामुळे उपासमारीला आळा बसला, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याबरोबरच नागलीची जागा बऱ्याच अंशी रेशनच्या तांदळाने घेतली. 2023 या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात शहरातल्या प्रदर्शनांत नागलीची बिस्किटे पाहून ज्यांनी डोंगरातल्या ताटाची कल्पना केली, त्यांनी प्रत्यक्ष ताट पाहिलेले नाही.

या मतातील सर्वांत मोठा दोष मात्र कष्ट आणि व्यायाम एकच मानण्यात आहे. व्यायाम म्हणजे स्वतःच्या इच्छेने, झेपेल एवढ्या मात्रेत केलेले आणि विश्रांतीची व अन्नाची जोड असलेले श्रम; कष्टात यांपैकी एकही गोष्ट माणसाच्या हाती नसते. 20 लिटरचा हंडा पाण्यासह 20 किलोहून जड होतो. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, त्यावर कळशी आणि कमरेला मूल घेऊन उन्हाळ्यात झऱ्यावरून पाड्याकडे चढणारी बाई जेव्हा मान ताठ धरते, तेव्हा तिच्या मानेच्या मणक्यांवर आणि गुडघ्यांवर येणारा भार कोणत्याही व्यायामशास्त्रात बसत नाही. त्यात ती गरोदर असेल, तर तेच अन्न तिला आणि पोटातल्या जिवाला पुरवायचे असते आणि श्रमात खर्ची पडलेली ऊर्जा अखेर बाळाच्या वाट्यातून वजा होते. दिवाळीनंतर हरसूल, पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात; गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात पहाटे काम ठरते आणि दिवसभर हात डोक्याच्या वर ठेवून मंडपाखाली घड द्रावणात बुडवण्याचे (डिपिंग) आणि मणी विरळ करण्याचे (थिनिंग) काम चालते. या स्त्रीपुरुषांना 'तुमचा व्यायाम आयताच होतो' असे सांगण्यास मोठेच धारिष्ट्य लागते.

हा भेद केवळ भावनेचा नाही. कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फावल्या वेळातील हालचाल जास्त असणाऱ्यांत हृदयविकाराचा व मृत्यूचा धोका कमी दिसला, तर कामावरील शारीरिक श्रम जास्त असणाऱ्यांत तो वाढलेला दिसला. तो अभ्यास आपल्या देशातला नव्हे, अशी हरकत येईल. मग घरचाच दाखला घ्यावा. महाराष्ट्रातील तालमींनी जोर-बैठकांइतकेच महत्त्व खुराकाला, मालिशीला आणि झोपेला दिले आहे, आणि दूध-बदाम न परवडणाऱ्या पठ्ठ्याला वस्ताद मेहनतही बेतानेच देत असे. गावोगावच्या तालमींना उमगलेली ही गोष्ट विद्वानांच्या व्याख्यानांत का हरवते?

येथे हमखास पुढे केले जाणारे उदाहरण म्हणजे हरसूलजवळच्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणि पुढे 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन, ही कामगिरी डोंगरातल्या पायपिटीतून आपोआप उगवली, असा भास निर्माण केला जातो. वस्तुतः तिच्या पायांतील क्षमतेला नाशिकमध्ये विजेंदरसिंग यांच्यासारखा प्रशिक्षक आणि आखीव सराव लाभला, तेव्हा ती पदकापर्यंत पोहोचली. तीच पायपीट करणाऱ्या पाड्यावरच्या असंख्य मुली डोंगरातच राहिल्या. पायपीट हेच कारण असते, तर पदकांची रांग लागली असती.

मेंदूविषयीचे विधान तर अधिकच उथळ आहे. प्रौढ मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असूनही विश्रांतीतील शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के वापरतो, आणि त्याची घडण गर्भावस्थेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे 1,000 दिवसांत सर्वाधिक वेगाने होते. ग्वाटेमालातील खेड्यांत 1969 ते 1977 या काळात काही गावांच्या मुलांना प्रथिनयुक्त पेज देण्यात आली. लहानपणी ती मिळालेली मुले मोठेपणी वाचनाच्या व आकलनाच्या चाचण्यांत सरस ठरली. डोंगरात विस्मरणाचा विकार नसतो, असे जे सांगितले जाते, त्याचे उत्तर इतकेच की, तपासणीविना विसरणाऱ्या म्हाताऱ्याला 'वय झालं' म्हणून सोडून दिले जाते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे 14 जोखीमघटक सांगितले. त्यांत अल्पशिक्षण, उच्च रक्तदाब, ऐकू न येणे, उपचाराविना राहिलेली दृष्टिहानी आणि हवेचे प्रदूषण आहे. स्वच्छ हवेचे गोडवे गाणाऱ्याने चुलीच्या धुराने कोंडलेल्या घरात तासभर बसून पाहावे.

मग करावे काय? भाकरीसोबत रोज उडीद किंवा कुळीथ, खुरासणीची चटणी, अंडे किंवा बाजारातली सुकट असावी, कारण ब-12 हे मज्जातंतूंना लागणारे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. नागलीला मोड आणून सत्त्व केल्यास लोह शोषण्यात आडवे येणारे फायटेट घटते. कोरा चहा जेवणाबरोबर घेऊ नये, तोही लोहाला अडवतो. मीठ आयोडीनयुक्तच असावे. रक्तक्षयाचे मूळ नेहमीच आहारात नसते, या पट्ट्यात सिकलसेलही आढळतो, म्हणून लोहाच्या गोळ्या देण्याआधी रक्ताची तपासणी व्हावी. अमृत आहार योजनेतील गरोदर स्त्रीचे एकवेळचे चौरस जेवण वेळेवर आणि पुरेसे मिळावे. पाड्यावर पाण्याचा नळ यावा. डोक्यावरचा हंडा उतरला की बाईला झोप मिळेल आणि तिच्या खाल्लेल्या अन्नाचा अंश तिच्या अंगी लागेल. खेळाचा, धावण्याचा खरा व्यायाम शाळेतल्या मुलांपासून सुरू व्हावा, आणि तो पोटभर जेवणाची सोय असलेल्या वेळापत्रकात असावा.