डोक्यातली नळी

बापूमामाच्या आजारपणातले ते दिवस आमच्याकडे कुणी काढत नाही. मामी तर विषय निघाला की गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून आत जाते. पण परवा एका मित्राचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांना ब्रेन हॅमरेज झालंय, डोक्याला नळी लावलीय, आणि त्याचा पहिला प्रश्न, "रोज पाणी तपासायला सांगू का रे डॉक्टरांना?" म्हटलं, आता लिहूनच टाकावं. (मामी, तू वाचत असशील तर हा भाग सोड आणि थेट शेवटी ये.)

आपल्या मेंदूत पोकळ्या असतात आणि त्यात पाण्यासारखा द्राव असतो. तो दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतो, पण एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून असतो जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीन-चारदा नवा. रक्ताची गुठळी वाटेत अडकली की हे पाणी तुंबतं आणि मेंदूवर दाब येतो. मग कवटीला बारीक भोक पाडून एक मऊ नळी थेट त्या पोकळीत सोडतात. ती कातडीखालून थोडं अंतर नेऊन बाहेर काढतात आणि कानाच्या पातळीवरून उंची मोजून पिशवीला जोडतात. डॉक्टर मंडळी तिला ईव्हीडी म्हणतात. २०२३ च्या जूनमध्ये मामा वाचला तो या नळीमुळेच, त्याबद्दल वाद नाही.

पण जी वाट पाणी बाहेर येण्याची, तीच जंतू आत जाण्याचीही. जगभरातल्या बहुतेक अभ्यासांत शंभरातल्या पाच ते वीस जणांना असा संसर्ग झालेला दिसतो. कधी ते आपल्याच कातडीवरचे जंतू असतात, तर कधी आयसीयूत मुरलेले, औषधांना न जुमानणारे. आणि मेंदूपर्यंत पुष्कळशी अँटिबायोटिक्स पुरेशी पोचतच नाहीत. कधी कधी औषध त्या नळीतूनच आत सोडावं लागतं.

आता माझा पराक्रम. मी रोज संध्याकाळी पाच वाजता काचेपाशी उभा राहून विचारायचो, "आज पाणी तपासलं का?" तपासलं नसेल तर चिडायचो. एवढं बिल भरतोय, मग तपासायला काय होतं? एका वयस्कर सिस्टरनी एकदा शांतपणे सांगितलं, "दादा, दर वेळी नळी उघडली की जंतूंना दार उघडतं." मला वाटलं, कामचुकारपणा. त्याच आठवड्यात आमच्या एका मावशीने अंगारा आणला आणि मामाच्या भादरलेल्या डोक्याला, पट्टीच्या अगदी कडेला, लावायला हात पुढे केला. त्याच सिस्टरनी तो अडवला. तेव्हा मी मावशीला हसलो होतो!

नवव्या दिवशी मामाला ताप भरला. नळीतून संसर्ग झाला होता. पुढचे एकोणीस दिवस आयसीयूतच. माझ्या हट्टामुळे तो झाला असं कुणी म्हणालं नाही आणि ते सिद्धही करता येणार नाही. पण नंतर वाचत गेलो तसा घाम फुटला.

एके काळी दर पाच दिवसांनी नळी बदलायची पद्धत होती. १९८४ च्या एका गाजलेल्या अभ्यासावरून ती रुजली. पुढे २००२ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी रुग्णांचे दोन गट करून पाहिलं, तर ठराविक दिवसांनी बदलून काही फायदा दिसला नाही. २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. नळी उगाच बदलू नका, तिला कमीत कमी हात लावा. औषध मुरवलेल्या नळ्याही मिळतात. २००३ च्या एका अमेरिकी चाचणीत साध्या नळीला संसर्गाचं प्रमाण ९.४ टक्के होतं, तर औषधी नळीला १.३. पण ती महाग पडते, आणि महागडी नळी घातली म्हणून हात धुवायचे राहिले तर काय उपयोग?

ताप आला, शुद्ध हरपू लागली, तर पाणी तपासायलाच हवं. माझं भांडण आहे ते नातेवाइकांच्या समाधानासाठी केलेल्या तपासणीशी. आपल्याला 'काहीतरी करताहेत' हे दिसलं पाहिजे असतं. डॉक्टरही माणसंच. रोज तोच आवाज चढवलेला प्रश्न ऐकून कधीतरी कुणीतरी सिरिंज उचलतंच. मी उचलायला लावली होती.

मित्राला म्हटलं, रोज एकच विचार, "नळी अजून लागतेय का?" कारण ती जितके दिवस राहील तितका धोका. आत जाताना हात धू, पलंगाची उंची स्वतः बदलू नकोस, पाणी भलतंच वाहून जाईल. आणि सासूबाईंचा अंगारा उशाशी ठेव, डोक्याला नको.

मामा आता काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातो. चहा डाव्या हाताने पितो, सांडतो, आणि मामीवर ओरडतो. दर रविवारी मामी त्याच्या डोक्याला तेल लावते. उजवीकडे केसांत एक बारीक खळगा आहे, तिथे तिचं बोट अजूनही वळसा घालून जातं.