बियाण्यास रंगाची साक्ष हवी

महसूल खात्यांत आमचें निम्में आयुष्य पंचनामे लिहिण्यांत गेलें. पंचांच्या सह्या नसल्या तर त्या कागदास किंमत नाहीं, हें आम्ही तेथें शिकलों. बियाण्याची ओल मात्र आपण अद्यापि दांताखालीं दाणा फोडून ठरवितों. एका वर्षीं आमचाच भुईमूग दांतास कोरडा लागला, आणि पेरल्यावर निम्मा उगवला नाहीं. दांत हा भरंवशाचा साक्षीदार नव्हे.

रसायनशास्त्रज्ञांनीं प्लॅटिनम, सोनें, तांबें इत्यादि धातूंच्या संयुगांचे असे स्फटिक केले आहेत कीं, अतिनील दिव्याखालीं ते स्वतः प्रकाशतात, आणि विशिष्ट वाफ लागतांच त्या प्रकाशाचा रंग पालटतो. स्फटिकांतील धातूच्या अणूंमधील अंतरावर पुष्कळ वेळां रंग अवलंबून असतो. वाफ आंत शिरली म्हणजे तें अंतर बदलतें. वाफ काढून टाकल्यावर कित्येक स्फटिक पूर्ववत् होतात.

हे स्फटिक बहुतांशीं प्रयोगशाळेंतच आहेत. परंतु त्यांचा एक गरीब भाऊबंद बाजारांत मिळतो. कोबाल्ट क्लोराइड लावलेले सिलिका जेलचे खडे प्रकाशत नाहींत. पण कोरडे असतां निळे व ओल शोषतांच गुलाबी होतात, आणि तापविले कीं पुन्हां निळे होतात. हवाबंद बरणींत बियाण्याबरोबर ते ठेवले, तर झांकण न उघडतां आंतील हवेची ओल कळते. बियाण्याच्या ओलाव्यांत एक टक्का घट झाली कीं त्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, हा हॅरिंग्टन यांचा स्थूल नियम ध्यानांत घेतां ही साक्ष क्षुल्लक नव्हे. मात्र कोबाल्ट विषारी आहे. खडे पुरचुंडींत बांधून वेगळे ठेवावे; दाण्यांत मिसळूं नयेत, मुलांच्या हातीं देऊं नयेत. शेवटचा निवाडा उगवणीच्या चांचणीचाच समजावा.

तेव्हां आमचें म्हणणें दोन प्रकारचें आहे. सोसायटीनें बियाण्याची प्रत्येक हवाबंद बरणी अशा पुरचुंडीसह द्यावी. आणि विद्वानांनीं आपले प्रकाशमान स्फटिक कोठाराच्या दारापर्यंत आणावे. धान्यास धुरी दिल्यावर मागें राहणारा फॉस्फीन वायु प्राणघातक आहे, आणि त्याच्या बाबतींत नाकावर विसंबून राहणें दांतावर विसंबण्याहून घातक. त्या वायूची साक्ष देणारा स्वस्त खडा ज्या दिवशीं हातीं येईल, त्या दिवशीं या विद्येचें शेतकऱ्याकडील देणें फिटलें असें आम्ही समजूं.