स्वतःचा चेहरा रंगवणे हा गर्व नव्हे

अल्ब्रेख्त ड्यूररने 1500 साली रंगवलेले स्वतःचे तैलचित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात आहे. थेट आपल्याकडे पाहणारा चेहरा, खांद्यावर उतरलेले केस, फरच्या कॉलरवर टेकलेला एक हात. अशी समोरासमोरची मांडणी तेव्हा सहसा ख्रिस्ताच्या चित्रात दिसे. म्हणून काही जण आक्षेप घेतात, की हा निव्वळ अहंकार. भिवंडी तालुक्यातल्या खारबावच्या शाळेतल्या मुलांपुढे हे चित्र कशाला? आपल्याकडे वारली पाड्यांवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी कुठे नाव घालतात?

त्या बायांबद्दलचा आदर मलाही आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. चौक देवीसाठी लिहितात, तिथे नावाचे कामच नाही. त्याच परंपरेतले डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर चित्रे काढू लागले, नावानिशी जगभर पोहोचले, 2011 साली पद्मश्री झाले. त्यात कुणाला गर्व दिसला? आणि आपल्या संतांनी तर अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफले. दळणकांडण करणारी जनाबाई साडेसहाशे वर्षांनंतरही आपल्याला नावाने ठाऊक आहे, ती त्यामुळेच.

ड्यूरर सोनाराचा मुलगा. त्याच्या न्यूरेंबर्गमध्ये चित्रकाराची गणना कारागिरांतच होई. त्याने चित्रावर लॅटिनमध्ये नाव, गाव आणि 28 हे वय लिहिले. केसांची बट न् बट रंगवली आणि हात मुद्दाम छातीपाशी आणला. मला त्या हातात कष्टकऱ्याचा हक्क दिसतो: हे काम माझे आहे. मिरवायचेच असते, तर त्याने दुसऱ्या एका रेखाचित्रात स्वतःला उघड्या अंगाने, कुशीवरच्या पिवळ्या डागाकडे बोट दाखवताना काढले नसते. इथे दुखते, असे त्याने त्यावर लिहिलेही आहे.

आपल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षांत वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे; स्वतःचा चेहरा मात्र नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या भिवंडी तालुक्यातल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवे, की तुझा चेहराही निरखून पाहण्याजोगा आहे. तैलरंग परवडत नाहीत, ही सबब चालणार नाही. ड्यूररने आरशात पाहून स्वतःला पहिल्यांदा काढले ते 1484 साली, कागदावर, चांदीच्या टोकाने. तेव्हा तो 13 वर्षांचा होता, म्हणजे आपली मुले एलिमेंटरीला बसतात त्याच वयाचा. चित्रकलेच्या एका तासाला मुलांच्या हाती आरसा आणि पेन्सिल द्या.