संमेलनातली कुणबीण

आमच्या हायस्कुलात संमेलनाचं नाटक बसवायचं काम दरसाल माझ्याच गळ्यात पडतं. गेल्या वर्षी मी जोतीराव फुल्यांचं १८५५ सालचं 'तृतीय रत्न' काढलं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं होतं, हे ऐकून पोरांचा उत्साह दुणावला! (नाकारलेल्या वस्तूची गोडी काही वेगळीच.) जोशीबुवा कुणब्याला नि त्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, शेवटी दोघं नवराबायको शाळेची वाट धरतात.

कुणबीण झालेली नववीतली मुलगी अचानक तालमीला येईनाशी झाली. चार दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. ओटा ताजा सारवलेला.

"सर, पाहुणे येणार आहेत," बाप म्हणाला. "नुसतं बघून जातील."

मी २००६चा कायदा सांगितला, अठरा वर्षांची अट सांगितली.

"लग्न कुठं लावतोय आत्ता?"

आतून आईचा आवाज आला, "नाटकापुरतं तरी जाऊ द्या तिला. लुगडं माझं नेईल."

प्रयोगाला बाप आला, मागं भिंतीशी उभा राहिला. आईचं हिरवं लुगडं नेसून ती शाळेकडे निघाली तेव्हा टाळ्या पडल्या. मी मात्र त्याच्याकडे बघत होतो. पडदा पडायच्या आधीच तो निघून गेला.

बाप सुधारला म्हणता? छे हो! 'परीक्षेनंतर या' एवढाच निरोप त्यानं पाहुण्यांना धाडला. मुलगी सध्या दहावीत आहे. परवा तो बाजारात भेटला. "पाहुणे पुन्हा विचारताहेत," म्हणाला. आणि जाता जाता, यंदा नाटक कुठलं, तेही त्यानं विचारलं.