‘कुदरती आफत’ म्हटले की प्रश्न संपतात

उर्दूत आपण ‘कुदरती आफत’ म्हणतो, मराठीत ‘नैसर्गिक आपत्ती’. दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून सांगतो : दोन्हीकडे खोट एकच आहे. पहिला शब्द सारी जबाबदारी निसर्गावर टाकतो आणि माणूस मोकळा होतो.

इतवारीच्या धान्यबाजारात उभे राहून हिमनदीची काळजी कोण करणार? ना जवळ बर्फ, ना समुद्र. तरीही २०२३ सालच्या तीन आठवड्यांतल्या तीन तारखा बघा.

१६ सप्टेंबर. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डिक्सन खाडीत एका डोंगराचा माथा कोसळला. पायथ्याची हिमनदी वर्षानुवर्षे पातळ होत गेली होती. हिमनदी दरीच्या भिंतींना टेकू देते. ती आटली की टेकू सुटतो. कड्यांच्या भेगांत गोठलेले पाणी खडकांना धरून ठेवते; तेही वितळले की दरड खाली येते. ही दरड पाण्यात पडली आणि सुमारे २०० मीटर उंच लाट उठली. भूकंप न होता आलेली त्सुनामी. अरुंद खाडीत पाणी मागे-पुढे हेलकावत राहिले आणि त्याची थरथर जगभरच्या भूकंपमापकांवर नऊ दिवस उमटत होती. तिथे वस्ती नव्हती, म्हणून कुणी मेले नाही.

२३ सप्टेंबर. आपले नागपूर. चार तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. इथे हिमनदीचा संबंध नाही. पण पाण्याला वाट ठेवली होती का, हा प्रश्न तोच. सांडव्यासमोरच्या बांधकामाचा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. पाऊस कुदरती होता; वाट अडवणे कुदरती नव्हते.

३ ऑक्टोबरची रात्र. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तलाव. हिमनदी मागे सरकत गेली तसा हा तलाव मोठा होत गेला. त्या रात्री काठावरची दरड, साधारण दीड कोटी घनमीटर, तलावात कोसळली. सुमारे २० मीटर उंच लाटेने बांध फोडला. साठेक किलोमीटर खाली चुंगथांगचे धरण वाहून गेले. शंभराहून जास्त माणसे मेली किंवा बेपत्ता झाली.

हा तलाव धोकादायक आहे, हे शास्त्रज्ञ अनेक वर्षे सांगत होते. २०१६ मध्ये नळ टाकून पाणी उपसण्याचा प्रयत्नही झाला होता. पण रात्री झोपलेल्या माणसाला उठवणारा भोंगा खालच्या गावांत नव्हता. तलाव फुटण्यापासून पाणी धरणाला धडकेपर्यंत जो वेळ मिळाला, तो माणसांपर्यंत पोहोचलाच नाही. हिमनदी थांबवणे सिक्कीमच्या हाती नव्हते, भोंगा बसवणे होते.

आपल्या सह्याद्रीत बर्फ नाही, पण दरड आहे. माळीण, ३० जुलै २०१४ : दीडशेहून अधिक माणसे. तळिये, २२ जुलै २०२१ : ऐंशीहून अधिक. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ : २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे ढिगाऱ्यातच राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच सांगितले. ज्या यादीत गाव नाही, त्या गावाला इशारा कोण देणार?

आता स्वित्झर्लंडचे ब्लाटन बघा. मे २०२५ मध्ये गावावरचा डोंगर हलू लागल्याचे मोजमापातून कळले. सुमारे ३०० माणसे आणि त्यांची गुरे आधीच हलवली. २८ मे रोजी हिमनदी आणि खडक कोसळून बहुतेक गाव गाडले गेले. जीव गेला तो एका माणसाचा. घरे गेली, गाव गेले, पण माणसे राहिली. आफत तीच, फरक इशाऱ्याचा.

‘त्यांच्याकडे पैसा आहे’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. धरणासाठी हजारो कोटी निघतात, तर भोंग्यासाठी का नाही? आणि ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना एवढेच विचारतो : तवक्कुल प्रयत्नाच्या आधी असतो की नंतर? दुकानाला कुलूप लावूनच आपण घरी जातो ना?

उन्हाळ्यात आपल्या मोहल्ल्यातली कुटुंबे काश्मीर, सिक्कीमला फिरायला जातात. तिथल्या नदीकाठच्या हॉटेलात उतरताना वर कोणता तलाव आहे आणि इशारा झाला तर पळायचे कुठे, हे विचारायला लाज कसली? आणि घरी परतल्यावर नगरसेवकालाही हेच विचारा. नाग नदीचे पाणी वाढले तर रात्री दोन वाजता आम्हाला कोण उठवेल, आणि कोणत्या भाषेत? मराठी, हिंदी, उर्दू, जी घरात बोलतात ती.

डोंगर कोसळणारच असेल तर कोसळेल. तेव्हा त्याच्याखाली माणसे झोपलेली असावीत की नसावीत, हे मात्र आपण ठरवतो.