पायात कडे असलेले पाखरू



माघ महिन्यात आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या शिवारात आंबिया बहराचा सुवास दरवळू लागला की पाखरांचीही वर्दळ वाढते. बुलबुल संत्र्याच्या फांद्यांतून लपंडाव खेळतात, सातभाई कुंपणाखालचा पाचोळा उलथीत कलकलाट करतात आणि दिवेलागणीस पिंगळ्याचे जोडपे चिंचेच्या ढोलीतून डोकावते. पिंगळ्यास अपशकुनी समजणारे आपल्यात अजून आहेत. वास्तविक तो बिचारा रात्रभर शेतातले उंदीर व किडे टिपून आपलेच काम करीत असतो. असो. आजची हकीकत मात्र आपल्या शिवारात न जन्मलेल्या एका पाहुण्याची आहे.

गेल्या माघात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर दहा वर्षांचा एक मुलगा सदऱ्याच्या ओट्यात काहीतरी झाकून मजकडे आला. पाहतो तो एक निळसर करडे कबुतर! डोळे अर्धवट मिटलेले, पंख गळालेले, आणि एका पायात अक्षरे व आकडे कोरलेले बारीक कडे.

"फादर, आमच्या वाडीत भेटलं मले. आता हे माह्यंच न?" त्याने विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर त्या कड्यातच होते. शर्यतीच्या कबुतराचे पिल्लू सुमारे आठवड्याचे असताना हे अखंड कडे त्याच्या पायात सरकवितात. पुढे पाय वाढला की ते निघत नाही आणि मोठ्या पक्ष्यास घालताही येत नाही. अर्थात ज्याच्या पायात कडे आहे, त्याला अंड्यातून निघाल्यापासून कोणीतरी हाताने वाढविलेले असते.

आपल्या देशात कबुतरांचा शौक दोन प्रकारचा आहे. दिल्ली, आग्रा, लखनौ या बाजूस कबुतर आपल्याच गच्चीवर किती तास उडत राहते, हे पाहतात. चेन्नई, बेंगळूर व कोलकाता येथे मात्र घरी परतण्याच्या शर्यती होतात. पक्ष्यांना शेकडो किलोमीटर दूर नेऊन पहाटे एकदम सोडावयाचे आणि मालकाने गच्चीवर आकाशाकडे डोळे लावून बसावयाचे. प्रत्येकाचे घर निरनिराळ्या अंतरावर असल्यामुळे जो आधी पोहोचला तो जिंकला, असे होत नाही. दर मिनिटास किती मीटर अंतर कापले, यावरून निकाल लागतो. चांगला पक्षी तासास साठ-सत्तर किलोमीटर वेगाने उडतो. सूर्याची दिशा, पृथ्वीचे चुंबकत्व, वाऱ्यावरचे गंध आणि ओळखीच्या खुणा यांच्या आधारे तो वाट काढतो, असे शास्त्रज्ञ सांगतात.

हा केवळ खेळ आहे असेही नव्हे. ओडिशाच्या पोलिसांनी १९४६ साली कबुतरांची टपाल-सेवा सुरू केली होती. १९९९ च्या महाचक्रीवादळात संपर्काची इतर साधने कोलमडली, तेव्हा या पाखरांनी निरोप पोहोचविले.

आमच्या पाहुण्यास आम्ही खोक्यात ठेवून मांजरीपासून जपले. खोलगट वाटीत पाणी दिले, कारण इतर पाखरांप्रमाणे कबुतर घोट घेऊन मान वर करीत नाही. चोच बुडवून ते सलग पाणी ओढते. नंतर थोडी ज्वारी व मका दिला. एका परिचिताने कड्यावरील क्रमांक दूरध्वनीवरून शौकिनांपर्यंत पोहोचविला आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला. पक्षी चेन्नईचा होता. येथून सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटरांहून अधिक अंतर! मालकाचे म्हणणे एवढेच की, तीन दिवस विसावा द्या आणि चौथ्या दिवशी सकाळी, आकाश निरभ्र पाहून, सोडा.

तोवर मुलाने पाखराचे नाव ठेवले होते. शाळेतून तो थेट माझ्या ओसरीवर येई, आणि पाखरूही त्याच्या तळहातावरून दाणे टिपू लागले होते. खरे सांगावयाचे तर माझाही निश्चय डळमळला. वाटेत ससाणा आहे, विजेच्या तारा आहेत, पतंगाचा मांजा आहे. येथे राहिले तर निदान जगेल, आणि एका गरीब मुलास आनंद होईल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी काही बोलण्याआधीच त्याची आजी म्हणाली, "बाप्पा, तिकडं कोणी वाट पाहत असन. ज्याचं हाय त्याले जाऊ दे."

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही नदीकाठच्या मोकळ्या रानात गेलो. मुलाने ओंजळ उघडली. पाखराने डोक्यावर तीन घिरट्या घातल्या आणि ते दक्षिणेकडे निघून गेले. मुलगा रडला नाही. परंतु घरी येईपर्यंत एक शब्दही बोलला नाही.

पवित्र शास्त्रात नोहाने पारवा तीनदा सोडला. तिसऱ्या वेळी तो परतला नाही, आणि न परतणे हीच शुभवार्ता ठरली, कारण त्यास टेकावयास जमीन मिळाली होती. आमच्या पाखराविषयी मला तसे म्हणता येत नाही. मालकाचा दूरध्वनी आला, पण पक्षी पोहोचल्याचे सांगण्यासाठी नव्हे. पोहोचला का, हे आपण कळवू, एवढेच तो म्हणाला. त्यानंतर निरोप नाही. दर रविवारी मुलगा विचारतो, "फादर, फोन आला काय?" मी नाही म्हणतो, आणि मलाही ते जड जाते.

परंतु परक्याची वस्तू परत करताना ती सुखरूप पोहोचेलच, अशी हमी आपल्याला कोणी देत नाही. हमी मिळाल्यावरच जो परत करतो, त्याने परत केले असे कसे म्हणावे? त्या मुलाने ओंजळ उघडली, तेव्हाच त्याचा वाटा पुरा झाला होता.

वाचकहो, आपल्या वाडीत असा कडेवाला पाहुणा उतरला, तर त्यास पाणी द्या, दाणे द्या आणि क्रमांक टिपून ठेवा. मुलांच्या हातची गलोल काढून घ्या. पिंजऱ्यातल्या पोपटाचाही विचार करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यास कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे. आता उन्हे तापू लागतील. त्या मुलाने आपल्या घराच्या कुंपणाशी मातीचे एक खोलगट भांडे पाण्याने भरून ठेवले आहे. सध्या तेथे होले येतात.